उतरलेली सूज

मोतीरामचा डावा गाल सुजला तो ऐन कोजागिरीला, आणि भाग्यश्रीचा साखरपुडा होता त्याच रविवारी. आता याला काय म्हणावं! वर्षभर ते दुखणं गालाच्या आत मुकाट बसून होतं, बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नव्हता, आणि पाव्हणे दारात यायच्या वेळेला त्यानं डोकं वर काढलं. नवसाबाई सकाळी चहा घेऊन गेली तर नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"इकडं बघा," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली. डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत गाल टम्म फुगला होता, कातडी ताणून चकचकीत झाली होती. हात लावला तर चटका बसावा असा ताप.

"अगं बया! हे काय होऊन बसलं?"

"काय नाय. उतरंल आपोआप," मोतीराम म्हणाला. बोलतानासुद्धा त्याचं तोंड धड उघडत नव्हतं.

उतरंल म्हणे! कधी, सोमवारी?

मोतीराम माळी माणूस. मखमलाबादच्या अंगाला त्याचा मळा, झेंडू आणि शेवंतीचा, आणि नाशकाच्या फुलबाजारात त्याच्या शेवंतीला नाव होतं. व्यसन म्हणाल तर एकच. मिसरूड फुटल्यापासून डाव्या गालात तंबाखूची चिमूट. फुलं तोडताना चिमूट, पाणी भरताना चिमूट, झोपतानासुद्धा गालात काहीतरी लागायचंच. बायकोनं कितीदा डबी विहिरीत फेकली, तो दुसरी आणायचा. शेवटी गालाच्या आत पांढरा चट्टा पडला, मग फोड, मग गाठ. गाठ गेली पार मागं, जबड्याच्या सांध्याकडं. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की एवढ्या आतलं कापता येणार नाही. लहान झाली तर बघू, कापून मोकळं करू. नाही झाली तर… तर पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायला कुणाची जीभ रेटली नाही.

तेव्हा भेटल्या तेजस्विनी मॅडम. नामपूरकडच्या खैरनारांची पोरगी, शिकून डॉक्टर झालेली. नाशकातल्या एका दवाखान्यात कसलं तरी नवं संशोधन चालू होतं, त्यात त्यांनी मोतीरामला घेतलं. गाठीतच सुई टोचायची आणि वाट बघायची. सुईचा दिवस आला नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजार सोडून दवाखान्यात बसेल तो माळी कसला! झेंडूचे ढीग पडलेले, गिऱ्हाईक अंगावर येत होतं. नवसाबाई बाजारात राहिली आणि मोतीराम एकटाच गेला. मॅडमनी जे काही समजावून सांगितलं ते त्यानं एकट्यानं ऐकलं. सगळं पुढचं रामायण झालं ते या एका गोष्टीपायी.

संध्याकाळी घरी आला तेव्हा तिनं विचारलं होतं, "कसली सुई दिली?"

"जनुक म्हणत्यात त्याला."

"म्हंजी?"

"अगं, बापाचं नाक लेकीला येतं ना, ते ज्याच्यामुळं येतं ते. आता त्या नव्या कापसात नाय का घालत, बोंडअळी मरावी म्हणून? तसलं काहीतरी माझ्या गाठीत घातलं."

"आता तुम्हाला बोंडं लागतील," भाग्यश्री म्हणाली, आणि बापलेक दोघंही हसले. नवसाबाईही हसली. त्या घरात हसण्यासारखं तेव्हा फार काही नव्हतं, मिळेल त्यावर हसून घेत होते.

तर दुखणं कसलं आहे ते घरातल्या तिघांना आणि नवसाबाईचा भाऊ झुंबर याला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. का, ते सांगायला हवं. आधी सटाण्याकडची एक चांगली सोयरीक भाग्यश्रीला सांगून आली होती. कुठून तरी बापाच्या दुखण्याचं त्यांच्या कानावर गेलं, आणि निरोप आला की मुलाला अजून शिकायचंय. तिशीला आलेला घोडा, त्याला म्हणे शिकायचंय! लोकांच्या मनात दोन भुतं. एक म्हणजे बापाच्या रक्तात आहे ते लेकीच्या रक्तात असणार, पुढं नातवंडांच्या. आणि दुसरं त्याहून वाईट. साखरपुडा होऊन बसला आणि लग्नाआधी बाप गेला, तर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. असल्या घोळात पाय कोण घालणार?

मग झुंबरनं ओझरचं स्थळ आणलं. ललित, विमानाच्या कारखान्यात कायम झालेला, शांत पोरगा. भाग्यश्रीला तो एवढा आवडला, की बघून गेल्यावर ती दिवसभर शेवंतीच्या वाफ्यात उगाच इकडून तिकडं करत राहिली. ते बघून नवसाबाईनं मनाशी गाठ मारली, की हे लग्न होणार म्हणजे होणारच.

आणि आता हा गाल! साखरपुडा म्हणजे नुसता टिळा आणि टोपी नव्हे. दोन व्याही सगळ्यांसमोर गळाभेट घेणार, एकमेकांच्या तोंडात साखर घालणार. पन्नास माणसं टक लावून बघणार. मोतीरामच्या तोंडात बोट जाईना, तर व्याह्याच्या हातचा पेढा कसा जायचा?

झुंबर दुपारी आला. दाजींचं तोंड बघून त्यानं डोक्याला हात लावला. "आक्का, हे त्या गोरशाबापूनं बघितलं तर पेढा तोंडात घालायच्या ऐवजी खिशात घालून परत जाईल." गोरशाबापू म्हणजे गोरक्ष, मुलाचा बाप.

"मग काय करू? पाव्हण्यांना येऊ नका सांगू?"

"छे! अशुभ बोलू नको. खंडेरावला आणतो."

खंडेराव म्हणजे खंडेराव डॉक्टर. खरं तर एका जुन्या डॉक्टरकडं कंपाउंडर होता. ते वारले आणि हा आपोआप डॉक्टर झाला. मोटरसायकलवर बॅग टाकून मळ्यामळ्यांतून फिरायचा. त्याच्याकडं एक गरम सुई होती. ताप, सूज, अंगदुखी, दमा, काही असो, एक गरम सुई की माणूस दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन रानात. सगळा परिसर त्याच्या हाताला गुण आहे असं म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, नवसाबाईचंही तेच मत होतं. भाग्यश्री लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हा याच माणसानं तिला उभी केली होती.

"त्या मॅडमला फोन करायचा का?" नवसाबाईनं विचारलं.

"कशाला?" मोतीराम एकदम म्हणाला. "त्यांच्याकडं पुढल्या आठवड्यात जायचंच हाय."

"आणि ही सुई?"

तेवढ्यात झुंबर खंडेरावला घेऊन आला. खंडेरावनं बाटलीत सुई खुपसली तेव्हा मोतीराम "नको" म्हणाला. एकदाच म्हणाला, आणि तेही हळू. नवसाबाईला वाटलं, एवढा मोठा बाप्या सुईला भितोय. "काय लहान पोरावाणी करता!" ती त्याला दटावून बोलली. मधल्या दारातून भाग्यश्री दिसत होती. साखरपुड्याची साडी खांद्यावर टाकून आरशात बघत होती, पदर एकदा असा घेई, एकदा तसा. मोतीरामनं तिच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग स्वतःच बाही वर सारली.

"दे रे," तो खंडेरावला म्हणाला. "जरा दमदार दे. रविवारपर्यंत उतरली पाहिजे."

खंडेरावनं ती सुई सकाळ-संध्याकाळ दिली, आणि बघता बघता सूज ओसरली. शनिवारी गाल जागेवर आला, ताप गेला, मोतीरामला भूक लागली. नवसाबाईनं खंडेरावला घरची शेवंती दिली, नारळ दिला, पाया पडायचीच बाकी ठेवली.

आणि रविवारचा तो साखरपुडा! ओझरची मंडळी जीप भरून आली. गोरक्षानं मोतीरामला मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या, आणि भला मोठा पेढा त्याच्या तोंडात कोंबला. मोतीरामनं तो खाल्ला. कसा खाल्ला ते त्याचं त्याला ठाऊक, पण हसत हसत खाल्ला. विहीण लंकाबाई बारीक नजरेची बाई होती. ती मोतीरामकडं जरा जास्तच बघते आहे असं नवसाबाईला वाटलं, पण बोलली काही नाही. लग्न माघात धरलं. भाग्यश्रीच्या बोटात अंगठी आली. रात्री सगळं आवरल्यावर नवसाबाई म्हणाली, "देवानं लाज राखली बाई," आणि आडवी झाली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप तिला त्या रात्री लागली.

पुढच्या आठवड्यात दोघं दवाखान्यात गेले. या खेपेला नवसाबाई हट्टानं बरोबर गेली. तेजस्विनी मॅडमनी मोतीरामचं तोंड उघडून बघितलं, गाल बाहेरून चाचपला, आतून चाचपला. मग भुवया उंचावल्या.

"काका, सूज नाही आली?"

"आली होती थोडी."

"ताप?"

"आला होता. गेला."

मॅडमनी गाठीतून सुईनं चार थेंब काढले आणि आतल्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. "मध्ये कुठलं औषध घेतलंत का? सुई, गोळी, काहीही?"

"नाय," मोतीराम म्हणाला.

आता नवसाबाईला हे कसं रुचावं? ज्या माणसानं लाज राखली त्याचं श्रेय बुडवायचं? "अहो, नाय काय म्हणता! घेतली की मॅडम. आमच्याकडं खंडेराव डॉक्टर हाय, त्यांची गरम सुई घेतली. काय हात हाय त्या माणसाचा! एवढा थोरला गाल, शनिवारपर्यंत पार सपाट."

मॅडम खुर्चीत बसल्या. एरवी शहरी बोलणारी ती बाई एकदम माहेरच्या बोलीवर आली. "हाई काय करी टाकं काका तुम्ही?"

"काय झालं?" नवसाबाईनं विचारलं. "मॅडम, काय झालं? मला कुणी सांगंल का?"

मॅडमनी तिला सांगितलं. शांतपणे, एकेक शब्द सोडवून सांगितलं. "मावशी, आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात. पायात काटा मोडला की जागा लाल होते, ठणकते, ते त्यांचंच काम. पण कॅन्सरची गाठ लबाड असते. ती या पेशींना ओळख लागू देत नाही. घरचंच माणूस समजून त्या बाजूनं निघून जातात. म्हणून आम्ही गाठीत ते जनुक टोचलं. सर्दीचा एक विषाणू घ्यायचा, त्याची नांगी मोडायची आणि त्याच्यातून ते आत पाठवायचं. ते आत गेलं, की गाठीच्या पेशी स्वतःच असं रसायन सोडतात, की लढणाऱ्या पेशी तिकडं धाव घेतात. त्या आल्या होत्या, मावशी. ती सूज म्हणजे त्याच होत्या. ताप त्यांच्यामुळंच होता. गाठीला त्यांनी आता कुठं हात घातला होता."

"आणि सुई?"

"त्या सुईत जे औषध असतं ते दम्याला चालतं, अंगावर पित्त उठलं तर चालतं. पण ते नेमकं याच पेशींना गप्प बसवतं. मी आत्ता बघितलं. बहुतेक पांगल्यात. गाठ आहे तेवढीच आहे."

नवसाबाईला एवढं कळलं, की नवऱ्याला वाचवायला जे त्याच्या गालात आलं होतं, ते तिनं माणूस बोलावून हाकलून दिलं. वर त्या माणसाला नारळ दिला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मला काय ठाऊक हो मॅडम! मी अडाणी बाई, मला कोण सांगणार होतं? मीच दटावलं यांना. मीच म्हटलं घ्या म्हणून. माझ्या हातांनी…"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं मावशी," मॅडम म्हणाल्या. "पण काकांना होतं."

नवसाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"मी यांना समोर बसवून सांगितलं होतं. सूज येईल, ताप येईल, घाबरायचं नाही, कुठलीही सुई घ्यायची नाही, मला फोन करायचा. त्यांच्या तोंडून म्हणवून घेतलं होतं. काका, बोला ना. म्हणाला होतात की नाही?"

मोतीराम भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघत होता. "म्हणालो होतो," तो म्हणाला.

बाहेर येऊन दोघं दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले. रिक्षा येत होत्या, जात होत्या. नवसाबाई बोलायला लागली तेव्हा तिनं आजूबाजूची माणसं बघितली नाहीत.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"ठाऊक असून तुम्ही बाही वर केली. ठाऊक असून म्हणालात, दमदार दे! मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू टोचू दिलं नसतं."

"नसतंच दिलं! खंडेरावला बॅगेसकट गटारात ढकललं असतं."

"मग साखरपुडा?"

"मसणात गेला असता तुमचा साखरपुडा!"

"साखरपुडा नाय, पोरगी गेली असती," मोतीराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "ऐक. मॅडमनीच मला सांगितलं होतं, कुणाला गुण येतो, कुणाला नाय येत. निम्म्याला निम्मं धर. मी नाय वाचलो आणि सोयरीकही मोडली, तर भाग्याकडं कोण बघणार? तू? तीन वर्षं गेली असती, मग वय झालं म्हणून नावं ठेवली असती. माझं नक्की नव्हतं. तिचं नक्की होत होतं. जे हाताशी आलंय ते तोडून घ्यावं, एवढं मला फुलांचं कळतं."

"आणि माझं काय?" नवसाबाई म्हणाली. "तुमची लेक दिसली तुम्हाला. मी नाय दिसले? मी काय बाजारातून आणलेली पाटी हाय? माझ्या तोंडून 'लहान पोरावाणी करता' म्हणवून घेतलंत, आणि मी म्हटलं! आता जन्मभर मी काय करू त्या शब्दाचं?"

मोतीराम एवढंच म्हणाला, "भाग्याला कळू देऊ नको. कळलं तर ती सुखानं नांदायची नाय."

नवसाबाईला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की हा माणूस उद्या मरणार आहे हेसुद्धा ती विसरली. मग आठवलं. मग तिनं त्याचा हात धरला आणि दोघं रिक्षात बसले.

पण तेजस्विनी मॅडमनी सोडून दिलं नाही. नियमात बसत नव्हतं, संशोधनातून तर मोतीरामचं नाव कमीच झालं होतं, तरी त्यांनी वरच्या लोकांशी भांडून आणखी एका सुईची परवानगी आणली. मार्गशीर्षात ती सुई टोचली. या खेपेला नवसाबाई शेजारी बसून होती, कान टवकारून.

"एक सांगते," मॅडम म्हणाल्या. "आशा आहे, पण पहिल्याएवढी नाही. पहिल्यांदा तो विषाणू अंगाला नवा होता, म्हणून जनुक घेऊन बिनबोभाट आत गेला. आता अंगानं त्याला ओळखलंय. कदाचित दारातच मारून टाकेल."

"म्हंजी जे गाठीला ओळखत नाय, ते औषध घेऊन येणाऱ्याला ओळखतं?"

"हो मावशी. तसंच."

"काय मेलं अंग हे!" नवसाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "या खेपेला सूज आली, तर लग्नाच्या मांडवात तशीच घेऊन उभं राहायचं. भोपळ्याएवढी झाली तरी. कोण काय बोलतंय ते मी बघते. ओझरला जाऊन मीच सांगीन, आमच्या माणसाला काय झालंय ते. मोडायची त्यांना तर मोडू द्या."

मोतीरामला ते आवडलं असावं, कारण रिक्षात बसताना त्यानं तिला आधी बसू दिलं. तसं तो कधी करत नसे.

मग सुरू झालं वाट बघणं. सकाळी उठल्या उठल्या नवसाबाई त्याच्या गालाला हात लावायची. आधी तळहात, मग उलटा हात. कधी तिला वाटायचं, आज ऊन आहे. कधी वाटायचं, आज जरा वर आलाय. "बघा बरं आरशात, डावा थोरला दिसतो ना?" मोतीराम आरशात बघायचा आणि म्हणायचा, "असंल." एका सकाळी गाल खरंच ऊन लागला आणि ती धावत भाग्यश्रीला हाक मारायला निघाली, तेव्हा मोतीराम म्हणाला, "अगं, आत्ताच चूळ भरलीय गरम पाण्याची." ती चुलीपाशी जाऊन बसली आणि धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून रडली.

वणीच्या गडाकडं तोंड करून तिनं हात जोडले. देवीला आजवर लोकांनी काय काय मागितलं असेल, पण नवऱ्याचा गाल सुजू दे म्हणून पदर पसरणारी ही पहिलीच बाई असावी. "आई, एकदा येऊ दे. मी हात लावणार नाय. कुणाला हात लावू देणार नाय."

इकडं झुंबर यायचा आणि खुशीत म्हणायचा, "बघितलंस आक्का, त्या दिवसापासून दाजींचा गाल परत वर आला नाय. आपला खंडेराव काय ऐरागैरा हाय का!" नवसाबाई त्याच्या हातातला कप काढून घ्यायची आणि उठून आत जायची. हिला झालंय तरी काय, ते झुंबरला कळत नसे. भाग्यश्री रुखवताची तयारी करत गुणगुणायची. "दादा, तुम्ही आता किती बरे दिसता," असं तिनं बापाला म्हटलं, की मोतीराम हसायचा आणि नवसाबाई दुसरीकडं बघायची. कितीदा तिच्या ओठावर आलं असेल, की पोरी, तुझ्या अंगठीची किंमत काय पडली तुला ठाऊक आहे का! पण शब्द दिला होता. दिला नव्हता खरं तर, पण दिलाय असं तो धरून चालला होता, आणि त्याला आता कुठल्या गोष्टीला नाही म्हणायचं तिच्या जिवावर यायचं.

पौष संपता संपता मॅडमनी पुन्हा तपासलं. सूज नव्हती, ताप नव्हता. गाठ मात्र वाढली होती, आणखी आत गेली होती.

"आता दुखणं कमी करायचं, तेवढं आपल्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचेच डोळे भरून आले.

"लग्न झालं की येतो," मोतीराम म्हणाला.

माघातलं लग्न थाटात झालं. मांडव मळ्यातच घातला, कमानीला सगळी घरची शेवंती. मोतीराम फेटा बांधून दारात उभा होता. अंगानं बराच उतरला होता, पण लग्नाच्या धावपळीत कोणता बाप उतरत नाही? गोरक्षानं त्याला मिठी मारली. जेवायच्या वेळी तो पंगतीत वाढत फिरत राहिला, म्हणजे स्वतः बसायला नको. भाग्यश्री ललितशेजारी मान खाली घालून बसली होती, आणि मधूनच वर बघून हसत होती. तिच्या तोंडावरचं ते सुख बघून नवसाबाईला वाटलं, खोटं कसं म्हणू याला? आणि लगेच दुसरं वाटलं, की एवढं महाग सुख तिला नको होतं.

लंकाबाई शेजारी येऊन बसली. पानाचा विडा तिनं विहिणीच्या हातात दिला आणि कानाशी लागली.

"विहीणबाई, आता सोयरे झालो म्हणून बोलते, राग मानू नका. साखरपुड्याला व्याह्यांचा गाल मला जरा सुजून उतरल्यासारखा वाटला होता. घरी जाऊन मी यांना म्हटलं, काहीतरी दुखणं लपवत नसतील ना हे लोक? लय दिवस मनात होतं माझ्या. म्हटलं, लग्नात नीट बघू. आज मघापासून बघतेय. सूज नाय, काय नाय. चेहरा कसा साफ! जीव भांड्यात पडला बाई माझा."

"हो," नवसाबाई म्हणाली. "सूज नाय."

ती उठली. मोतीराम पंगतीच्या टोकाला बुंदीचं ताट घेऊन वाकला होता. सगळा मांडव भरलेला, सोयरेधायरे बसलेले, आणि इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत जे तिनं कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. सरळ जाऊन नवऱ्याच्या डाव्या गालाला हात लावला. आधी तळहात लावला, मग उलटा हात. पंगतीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुणी तरी म्हणालं, "बघा बघा, लेकीच्या लग्नात आईलाच लाडात यायला झालंय."

गाल गार होता.

"आज नको बघू," मोतीराम हळूच म्हणाला, आणि ताट घेऊन पुढच्या पानाकडं सरकला.